दाढ ठणकल्यापासून कॅप बसेपर्यंत: रूट कॅनलचा क्रम कुठे चुकतो आणि कसा सांभाळायचा

रूट कॅनल म्हणजे दाताच्या आतला सुजलेला किंवा मेलेला गाभा काढून, मुळातल्या बारीक नळ्या साफ करून भरायच्या आणि बहुधा वरून कॅप, म्हणजे दातावरचं टोपण, बसवायचं. त्यात एक चूक पुन्हा पुन्हा होते. लोक दुखण्याकडे बघून निर्णय घेतात. दुखलं की गोळी, थांबलं की अपॉइंटमेंट रद्द. पहिल्या सिटिंगनंतर आराम पडला की पुढच्या सिटिंगला दांडी, आणि आता काहीच दुखत नाही म्हणून कॅप दिवाळीनंतर. दाताच्या आत जे चाललेलं असतं ते दुखण्याच्या वेळापत्रकाने चालत नाही. दुखणं थांबलेलं असताना हाड झिजत जातं, आणि उपचार पूर्ण झाल्यासारखा वाटत असताना दात उभा चिरतो. म्हणून खालचे टप्पे क्रमाने वाचा आणि एकही गाळू नका.

हे सगळं मोठ्यांच्या कायमच्या दातांबद्दल आहे. मुलांच्या दुधाच्या दातांची पद्धत वेगळी असते, त्यासाठी लहान मुलांच्या दंततज्ज्ञांकडे जा.

टप्पा १ : दुखतंय कसं, ते आधी ओळखा

दाताच्या मधोमध एक पोकळी असते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसांचा मऊ गाभा असतो. बोलताना आपण त्या सगळ्यालाच 'नस' म्हणतो. कीड खोल गेली की हा गाभा सुजतो. बोट सुजलं तर कातडी ताणली जाते, दाताच्या भिंती मात्र तसूभर हलत नाहीत. आत दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दाढ रात्री जास्त छळते.

गार पाणी प्यायल्यावर सणक येते आणि घोट गिळेपर्यंत जातेही, तर गाभा अजून सावरू शकतो. अशा वेळी बहुधा कीड काढून भरण केलं की भागतं. या अवस्थेत गेलात तर रूट कॅनल टळतं, आणि नेमके इथेच लोक जात नाहीत.

गार किंवा गरम लागल्यावर कळ अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळत असेल, काहीही न खाता-पिता ठणका उठत असेल, झोपेतून जाग येत असेल, तर गाभा सावरण्याच्या पलीकडे गेलेला असतो. काहींना गरम चहाने कळ येते आणि गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं. हे बरं लक्षण नाही, ही बरीच पुढची पायरी आहे.

मग एक दिवस दुखणं आपोआप थांबतं. गार नाही, गरम नाही, काहीच लागत नाही. दाढ बरी झाली म्हणून घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात. प्रत्यक्षात गाभा मेलेला असतो आणि जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरायला लागलेले असतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चावताना दुखतं, दात बाकीच्यांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो, किंवा हिरडीवर एक पुटकुळी येते, फुटते, परत येते.

तपासा: कागदावर चार ओळी लिहा. गारने दुखतं की गरमने, की चावल्यावर? कळ किती वेळ टिकते? रात्री जाग येते का? कधीपासून? कोणता दात हे मात्र ठामपणे सांगू नका. गाभ्यातल्या नसांना जागा नीट कळत नाही. खालची किडलेली दाढ वरची दुखतेय असं भासवते, आणि उलटही होतं. डावं-उजवं सहसा चुकत नाही, वर-खाली सर्रास चुकतं. 'हीच दाढ, हीच करा' असा हट्ट धरल्यामुळे चांगल्या दाताला हात लागल्याची उदाहरणं आहेत.

वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील, सर्दी झालेली असेल आणि खाली वाकल्यावर दुखणं वाढत असेल, तर सायनसची शंका घ्या. चालल्यावर किंवा जिना चढल्यावर जबडा दुखतो, सोबत घाम येतो किंवा छाती भरून येते, तर दातांचा दवाखाना सोडा आणि थेट हृदयाची तपासणी करून घ्या.

सावध: सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटली, तोंड उघडेना, आवाज बदलला, सूज डोळ्यापर्यंत चढली, किंवा सुजेसोबत थंडी वाजून ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. अशी सूज श्वासनलिका दाबू शकते.

टप्पा २ : अपॉइंटमेंट मिळेपर्यंत काय करायचं

एरवी तब्येत धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी दातदुखीवर चांगली चालते. जेवणानंतर घ्या, दोन वेळांत सहा ते आठ तासांचं अंतर ठेवा. गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, कारण बाजारातल्या अनेक वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. तापाची एक गोळी आणि दाताची दुसरी अशा दोन्ही घेताना ते नकळत दुप्पट होतं. सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. यकृताचा त्रास असेल किंवा दारू घेत असाल तर मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामकांनी उफाळणारा दमा किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची साथ असताना अंगात ताप असेल, तर आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही टाळा. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अँटिबायोटिकबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरवापर इथे होतो. मेडिकलवाल्याने दिलेल्या तीन किंवा पाच दिवसांच्या कोर्सने दाताच्या आतली सूज जात नाही. गाभा जिवंत आणि सुजलेला असेल तर प्रश्न मुळात जंतूंना मारण्याचा नसतो, आणि गाभा मेलेला असेल तर तिथे रक्तच पोहोचत नाही, मग औषध पोहोचणार कसं? पसरणारी सूज, ताप, गळ्यात गाठी अशी लक्षणं असतील तरच अँटिबायोटिकला अर्थ आहे. तेही दात उघडून निचरा करण्याच्या जोडीला लागतं, नुसत्या कोर्सवर भागत नाही.

घरगुती उपायांत लवंगेचं तेल थोडा आराम देतं. कापसाच्या बारीक बोळ्याला एक थेंब लावा, नीट पिळा आणि फक्त किडलेल्या खड्ड्यात ठेवा. हिरडीवर किंवा गालाला लागलं तर पोळतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवायची पद्धत पूर्ण बंद करा. तिच्यातलं आम्ल हिरडीचं कातडं पांढरं करून सोलून काढतं, आणि मग दात आणि जखम अशी दोन दुखणी होतात. दुखऱ्या दाढेला मिश्री किंवा तंबाखू लावू नका. सुजलेल्या गालाला गरम शेक देऊ नका. बाहेरून गार फडकं दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा.

टप्पा ३ : जायचं कुणाकडे

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची मूळ पदवी घेतलेले डॉक्टर रूट कॅनल करू शकतात, आणि समोरचे दात किंवा साधी दाढ असेल तर अनेकजण ते उत्तम करतात. या कामातला तज्ज्ञ म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षं 'कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स' या विषयात एमडीएस केलेला डॉक्टर. पाटीवर नुसतं एमडीएस वाचून थांबू नका. हिरड्यांचा, वेड्यावाकड्या दातांचा आणि कवळीचा तज्ज्ञसुद्धा एमडीएसच असतो. विषय विचारा. महाराष्ट्रात काम करणाऱ्या दंतवैद्याची नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला दिसला पाहिजे.

तज्ज्ञाकडेच जायला हवं अशा काही परिस्थिती आहेत. आधी झालेलं रूट कॅनल फसलंय, मुळं वाकडी आहेत, वयामुळे नळ्या आकसून बारीक झाल्या आहेत, दाढेवर आधीच कॅप आहे, नळीत ती साफ करायची बारीक सुई तुटली आहे, किंवा तोंड नीट उघडत नाही. शेवटचं कारण आपल्याकडे फार दिसतं. गुटखा, सुपारी, मावा यांनी गालाच्या आतलं कातडं आखडतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. दोनच जात असतील तर मागच्या दाढेपर्यंत यंत्र पोहोचणं कठीण असतं. फोनवरच तसं सांगा.

लहान गावांत तज्ज्ञ ठरलेल्या वारी येतात. त्यात वाईट काही नाही. पण विचारून ठेवा: काम कोण करणार, आणि ते नसताना ठणका उठला तर कुणाला दाखवायचं? खर्च परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय असे पर्याय आहेत. तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. फेऱ्या जास्त होतात आणि वेळ जातो, त्याची तयारी ठेवून जा.

फोनवर विचारायचे तीन प्रश्न पुरेसे आहेत. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती बसवायचा रबराचा पातळ पडदा, लावता का? मुळाची लांबी मोजायला एपेक्स लोकेटर नावाचं यंत्र आहे का? शेवटचा एक्स-रे मला देता का? 'रबर डॅमची काही गरज नसते' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

टप्पा ४ : जाण्याआधीची तयारी

घेत असलेल्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या, नावं पाठ करत बसू नका. खालच्या गोष्टी विचारल्या नाहीत तरी सांगा.

- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ती स्वतःहून बंद करायची नाही. रूट कॅनलसाठी बहुधा बंद करावी लागत नाही.
- हृदयाची कृत्रिम झडप आहे, किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झाला आहे. अशांना कामाच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागू शकतो.
- हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगात हाडांसाठी औषध किंवा इंजेक्शन घेता. यांच्यात दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो, त्यामुळे दात काढण्यापेक्षा रूट कॅनलच बरं पडतं.
- मधुमेह. सकाळची वेळ घ्या, न्याहारी आणि औषध नेहमीसारखं घ्या. इन्सुलिन घेऊन उपाशी येणं ही धोक्याची गोष्ट आहे.
- गरोदरपण. चौथा ते सहावा महिना सोयीचा असतो, पण ठणका असह्य असेल तर इतर महिन्यांतही उपचार होतो. नऊ महिने सोसण्याचं कारण नाही.
- लेटेक्स रबराची अ‍ॅलर्जी. रबर डॅम बिनलेटेक्सचाही मिळतो.

उपाशीपोटी जाऊ नका. पोटभर पण साधं खाऊन, दात घासून जा. भूल उतरेपर्यंत नंतर दोन-तीन तास खाता येणार नाही.

सावध: निदानाच्या दिवशी वेदनाशामक गोळी आधी घेतलीत तर चाचण्या फसतात, दोषी दात सापडत नाही. सहन होत असेल तर गोळी न घेता जा. उलट, प्रत्यक्ष कामाच्या दिवशी तासभर आधी घेतलेलं आयबुप्रोफेन भूल चढायला मदत करतं. तपासणी आणि काम एकाच दिवशी असेल तर काय करायचं ते फोन करून विचारा.

टप्पा ५ : पहिली तपासणी, इथे घाई नको

गार चाचणी नीट होऊ द्या. कापसाच्या छोट्या बोळ्यावर गार स्प्रे मारतात, बोळ्यावर हिम धरतं, आणि तो आधी एखाद्या निरोगी दातावर टेकवतात, म्हणजे तुमचं नेहमीचं 'गार' कसं असतं ते कळतं. मग संशयित दात. गार जाणवलं की हात वर करा आणि कळ पूर्ण गेली की खाली. घाईने हात खाली आणू नका. डॉक्टर ते सेकंद मोजत असतात आणि त्या आकड्यावर निर्णय ठरतो. त्यानंतर आरशाच्या दांड्याने दातावर हलकं ठोकून बघतात, काडीवर चावायला लावतात, हिरडीची खोली मोजतात.

हिरडीवर पुटकुळी असेल तर तिच्या छिद्रातून गटापर्चाची, म्हणजे नळ्या भरायच्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढतात. काडी वळत वळत जाऊन ज्या मुळापाशी थांबते, तो दात दोषी. पुटकुळी एका दाताजवळ आणि कारण भलत्याच दातात, असं होऊ शकतं, म्हणून ती नुसती फोडून घेऊ नका.

एक्स-रे काढल्याशिवाय रूट कॅनल सुरू होऊ देऊ नका. दातांच्या डिजिटल एक्स-रेचा किरणोत्सर्ग फार कमी असतो, त्याला घाबरून नकार देऊ नका. मुळं गुंतागुंतीची असतील तर त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी सांगतात. तो सगळ्यांना लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो बहुतेकजण विचारतच नाहीत: रूट कॅनल झाल्यावर वर कॅप धरायला दात उरतोय का? कॅपला घट्ट पकड मिळायला हिरडीच्या वर सगळीकडून साधारण २ मिलिमीटर निरोगी दात लागतो. कीड हिरडीखाली गेली असेल, मुळापर्यंत चीर असेल किंवा हाडच उरलेलं नसेल, तर सुबक रूट कॅनल करूनही दात टिकत नाही. तसं असेल तर दात काढण्याची चर्चा आत्ताच व्हायला हवी, चार सिटिंगचे पैसे गेल्यावर नको.

तपासा: खर्च तोडून लिहून घ्या. रूट कॅनल, एक्स-रे, वरची बांधणी, गरज पडली तर पोस्ट, म्हणजे मुळात बसवायची आधाराची काडी, आणि कॅप, प्रत्येकाचा वेगळा आकडा. 'रूट कॅनल इतक्यात' ऐकून होकार दिला आणि कॅपचे पैसे वेगळे आहेत हे नंतर कळलं, की कॅप राहून जाते.

टप्पा ६ : खुर्चीवर काय होतं आणि तुम्ही काय सांभाळायचं

पहिल्यांदा भूल. इंजेक्शननंतर मिनिटभर छातीत धडधडलं तर तो बहुधा औषधातल्या अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम असतो. डॉक्टरांना लगेच सांगा, पण आपल्याला भुलेची अ‍ॅलर्जी आहे असा समज करून घेऊन पुढची दहा वर्षं दवाखाना टाळू नका.

खालच्या दाढेच्या बाबतीत ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झालीच असं नाही. सुजलेल्या गाभ्याच्या दाढेत पहिलं इंजेक्शन अपुरं पडणं नेहमीचं आहे. ड्रिल लावण्याआधी परत एकदा गार बोळा टेकवून बघायला सांगा. लागलं तर दाताच्या कडेला किंवा हाडात जादा भूल देता येते. दुखत असताना मूठ आवळून सोसू नका. हात वर करायची खूण आधी ठरवून ठेवा. 'रूट कॅनल फार दुखतं' हा लौकिक मुख्यतः अपुऱ्या भुलेवर काम रेटल्यामुळे तयार झाला आहे.

मग रबर डॅम. तो लाळेतले जंतू आत जाऊ देत नाही, बारीक सुया घशात पडू देत नाही, आणि औषधी पाणी तोंडात उतरू देत नाही. नाकाने श्वास घ्यायचा असतो. सर्दीने नाक बंद असेल तर तारीख बदला.

दात वरून उघडून नळ्या शोधतात. खालच्या पहिल्या दाढेत सहसा तीन, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत तीन दिसतात, पण निम्म्याहून अधिक दाढांत चौथी बारीक नळी असते, आणि ती राहून जाणं हे रूट कॅनल फसण्याचं मोठं कारण आहे. 'चौथी बघितलीत का?' असं विचारायला संकोच करू नका. नळीची लांबी एपेक्स लोकेटरने मोजून एक्स-रेने ताडतात. काम मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबलं पाहिजे. कमी पडलं तर जंतू उरतात, पुढे गेलं तर हाडाला इजा होते.

सुया नळीला आकार देतात, साफसफाईचं खरं काम पाण्याचं. सोडियम हायपोक्लोराइट वारंवार सोडून नळ्या धुतात. पोहण्याच्या तलावासारखा वास येतो तो त्याचाच. ते मेलेलं मांस विरघळवतं आणि जंतू मारतं. त्याला वेळ लागतो, म्हणून काम भराभर उरकल्याचं कौतुक करू नका.

सावध: धुताना अचानक आग झाल्यासारखी तीव्र कळ आली, गाल बघता बघता सुजला किंवा घशात क्लोरीनची चव उतरली, तर लगेच हात वर करा. सुई तुटली तर डॉक्टरांनी सांगायला हवं; प्रत्येक तुटलेली सुई काढावीच लागते असं नाही, पण नोंद तुमच्याकडे असली पाहिजे.

नळ्या कोरड्या झाल्या, पू किंवा पाणी थांबलं, की गटापर्चा आणि सीलर, म्हणजे फटी बुजवणारं सिमेंट, यांनी त्या भरतात. गाभा जिवंत असेल तर सगळं एकाच सिटिंगमध्ये होऊ शकतं. पू असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरून एक ते काही आठवडे थांबतात. एका सिटिंगची जाहिरात बघून डॉक्टर निवडू नका. किती सिटिंग, ते दात ठरवतो.

टप्पा ७ : दोन सिटिंगच्या मधले दिवस

भूल उतरेपर्यंत काही खाऊ नका, चहासुद्धा नको. बधिर गाल चावला जातो आणि कळत नाही. दोन-तीन दिवस ठणठण आणि आठवडाभर चावताना हुळहुळणं अपेक्षित आहे, दिवसागणिक कमी होत गेलं पाहिजे. वाढत गेलं, सूज आली किंवा ताप आला तर त्याच दिवशी फोन करा.

भूल उतरल्यावर दात मिटले आणि तोच दात आधी टेकतोय असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी जा. निळ्या कागदावर चावायला लावून उंच भाग घासायला पाच मिनिटं पुरतात. 'सवय होईल' म्हणून राहिलात तर प्रत्येक घासाला त्या मुळावर हातोडा बसतो.

वर भरलेलं तात्पुरतं सिमेंट म्हणजे फक्त झाकण. ते साडेतीन-चार मिलिमीटर जाड असेल तर लाळ अडवतं, पण काही आठवड्यांपुरतंच. पहिला तास चावू नका. नंतर काम पूर्ण होईपर्यंत चिक्की, ऊस, सुपारी, कडक चकली त्या बाजूने नको. आरशात बघून दिवसाआड खात्री करा. थोडं झिजलं तर चालेल. खड्डा पडला किंवा तुकडा निघाला तर तारखेची वाट न बघता परत भरून घ्या, नाहीतर धुतलेल्या नळ्यांत लाळ उतरते आणि केलेलं काम वाया जातं.

'नस मारायचं औषध' भरून परत पाठवलं असेल तर सांगितलेल्या दिवशी जायलाच हवं. असं औषध गळून बाहेर आलं तर हिरडी आणि हाड जाळतं.

टप्पा ८ : पक्की बांधणी आणि कॅप

रूट कॅनल केलेले कितीतरी दात जंतूंमुळे जात नाहीत, चिरून जातात. नस काढल्यामुळे दात ठिसूळ होतो असं सर्रास सांगितलं जातं. खरं कारण असं की कीड आणि वरून केलेलं छिद्र यांत दाताचा बराच भाग गेलेला असतो, आणि उरलेल्या भिंती चावताना दोन्हीकडे फाकतात. कॅप त्या भिंती एकत्र बांधून धरते. कॅप नसेल तर भाकरीतला एक खडा पुरतो. चीर मुळात उतरली की दात काढण्याखेरीज मार्ग राहत नाही.

म्हणून दाढ आणि उपदाढ असेल तर आधी कंपोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाची, पक्की बांधणी, मग साधारण महिन्याच्या आत कॅप. समोरच्या दाताचा थोडाच भाग गेलेला असेल तर नुसत्या भरणावर भागू शकतं. तिथे कॅपचा आग्रह झाला तर कारण विचारा. पोस्ट दाताला मजबूत करत नाही, बांधणीला आधार म्हणून असते. भिंती पुरेशा असतील तर ती लागत नाही.

धातूची कॅप, धातूवर सिरॅमिक आणि झिर्कोनिया, म्हणजे पांढरं टणक सिरॅमिक, हे नेहमीचे पर्याय. मागच्या दाढेला, जिथे कुणाला दिसत नाही, तिथे धातूची कॅप कमी दात कापून बसते आणि चांगली टिकते. पैसे कमी असतील तर कॅप न बसवण्यापेक्षा ती बसवा.

तपासा: सिमेंट लावण्याआधी कॅप नुसती बसवून दाखवतात, तेव्हाच बोला. मिटल्यावर ती उंच लागते का? शेजारच्या दाताशी फट राहिली आहे का, की दोरा अजिबात जात नाही? कडेला जीभ फिरवल्यावर धार लागते का? एकदा पक्की चिकटवली की दुरुस्तीसाठी ती कापूनच काढावी लागते.

टप्पा ९ : पुढची वर्षं

शेवटचा एक्स-रे मोबाइलमध्ये आणि कागदावर ठेवा. त्यात नळ्या टोकाजवळपर्यंत भरलेल्या दिसतात. मुळाशी काळी सावली असेल तर ती भरायला महिने, कधी वर्षं लागतात. सहा महिने ते वर्षभरात परत एक्स-रे काढा; सावली कमी होत असेल पण पूर्ण गेली नसेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवतात. कॅपखालीही दाताला कीड लागते, कारण कॅप आणि दाताचा सांधा हिरडीजवळ असतो. तिथे ब्रश तिरका धरून घासा आणि दातांच्या फटीत दोरा फिरवा.

पुटकुळी परत आली, चावताना दुखलं किंवा सूज आली तर लगेच दात काढायला होकार देऊ नका. पुन्हा रूट कॅनल करता येतं. तेही शक्य नसेल तर हिरडीकडून शस्त्रक्रिया करून मुळाचं दूषित टोक कापता येतं. मूळ उभं चिरलं असेल तर मात्र दात काढावाच लागतो.

आणि रूट कॅनल झालेल्या दाढेला पुन्हा गार किंवा गरम लागायला लागलं, तर आधी शेजारचा आणि मिटल्यावर तिच्यावर टेकणारा दात तपासून घ्या. नस काढलेल्या दाताला गार कळत नाही. आसपासचे सगळे दात निर्दोष निघाले, तर त्या दाढेत एखादी नळी राहून गेली असण्याची शक्यता आहे. जुना एक्स-रे घेऊन तज्ज्ञाकडे जा आणि ती शोधायला सांगा.